माणूस दिसला तर

पऱ्हाटीला पहिलं बोंड फुटलं की लोकांना लक्ष्मी आठवते. पेपरवाले ‘पांढरं सोनं’ म्हणून मथळा छापतात, जणू यांनी कधी वावरात वाकून पाहिलंय. मला मात्र भोंगा आठवतो. यंदा तर आठवायचीही गरज राहिली नाही. दसरा उलटला, पाऊस एकदाचा गेला, आणि काल दुपारी मी ताटावर बसलो असताना नाल्यापलीकडून तो वाजला. कितीतरी महिने गप्प होता. बायकोचा वाढता हात थांबला. मग तिनं वरण वाढलं, मी जेवलो, पण काय जेवलो ते विचाराल तर सांगता येणार नाही.

आमचं गाव घाटंजीच्या पलीकडं, कोरडवाहू पट्ट्यातलं. वेचणीचे दिवस आले की सगळं गाव दवावर चालतं. सकाळी पऱ्हाटी ओली असते. ओला कापूस वेचून गाठोड्यात दाबला की पिवळा पडतो, म्हणून बायका सकाळची घाई करत नाहीत. चूल आवरायची, पोरं शाळेत लावायची, भाकर आणि ठेचा फडक्यात बांधायचा, आणि उन्हं चांगली वर आली की निघायचं. कमरेला ओटी, दोन्ही हात चालू. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला ओरबाडतात. या दिवसांत आमच्याकडं बायकांच्या बोटांना हळद दिसली तर लग्नघर शोधत बसू नका. खरं काम होतं ते दुपारी. दव वाळलेलं, ऊन अंगाला बरं वाटणारं, तूर पिवळ्या फुलावर आलेली, आणि ओळीओळीतून एकमेकींच्या सुनांची उणीदुणी. नेमक्या त्याच वेळी भोंगा वाजायचा, आणि सगळ्यांना वावर सोडून निघावं लागायचं.

वाजवणारा मीच होतो. गिट्टीच्या खदानीत सुरुंग उडवणं हे माझं काम. परवान्यासकट, बरं का. खडकात पाडलेल्या भोकांत बारूद भरायची, तारा जोडायच्या, तारांचं टोक एका डब्याला, डब्याला चावी, आणि ती चावी फक्त माझ्या खिशात. पहिला भोंगा झाला की लाल झेंड्यांच्या आतली वावरं रिकामी व्हायची. दुसऱ्याला मी टेकाडावर उभा राहून चहूकडं पाहायचो. तिसऱ्याला चावी फिरवायची. परवान्याच्या वेळी शिकवणाऱ्या साहेबानं पुष्कळ काही सांगितलं होतं, त्यातलं निम्मं मी विसरलो. पण एक गोष्ट त्यानं हातातला खडू खाली ठेवून सांगितली होती. माणूस दिसला तर चावी फिरवायची नाही. कोण आहे, कशाला थांबला, चूक त्याची की तुमची, हे सगळं मागाहून. तेव्हा मला हे फारच सोपं वाटलं. मनात म्हटलं, असा कोण शहाणा असेल जो फिरवेल?

खदान आधी टेकडीच्या पाठीमागं होती, गावाला नुसता आवाज यायचा. मग टेकडी संपली. खडक आमच्या बाजूला पसरलेला, म्हणून खदानही सरकत सरकत नाल्याला येऊन टेकली. नाल्याच्या अल्याड पहिलं वावर पंचफुलाबाईचं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं उभं ठेवलेलं. बौद्धपुऱ्यात राहते, वयानं माझ्या आईच्या थोडी मागं. गाव तिला माय म्हणतं, मी मावशी म्हणतो. खदान जवळ आल्यापासून तिच्या कापसावर धूळ बसायला लागली. व्यापारी मूठभर कापूस उचलून बोटात चोळायचा आणि ‘कवडी’ म्हणून बाजूला टाकायचा. कवडी म्हणजे डागी, रद्दी माल. तेही तिनं सोसलं. मग एके दिवशी वेचणाऱ्या बायका निंबाखाली भाकर खाऊन भोंग्याला उठल्या, आणि सुरुंग झाल्यावर परत आल्या तर निंबाखालच्या माठाच्या जागी नारळाएवढा दगड पडलेला. पाणी अजून जमिनीत जिरत होतं. बायका हसल्या त्या दिवशी. भीतीचं हसू वेगळं असतं, ते लवकर थांबत नाही.

तिचं मागणं काही फार मोठं नव्हतं. भोंगा सकाळी करा, म्हणायची ती, दव आहे तोवर. तेव्हा वावरात चिटपाखरू नसतं. अर्ज दिले, माणसं येऊन पाहून गेली, माना डोलावून गेली. खदानीचं म्हणणं असं की बारुदीची गाडी दुपारी येते, त्याला आम्ही काय करणार. गाडीची वेळ काही ग्रहताऱ्यांनी ठरवलेली नसते, पण ते बोलायचं कुणी? उलट वरून आदेश आला की भोंग्यानंतर झेंड्यांच्या आत जो थांबेल त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. चावडीवर चिकटवलेला तो कागद मीही वाचला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपलं काम सोपं झालं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मावशी आमच्या ओसरीवर येऊन बसली. चहा घेतला, माझ्या पोरीचा अभ्यास विचारला, आणि उठता उठता म्हणाली, “उद्यापासून मी भोंग्याले उठनार नाही, बापू. तुले अगुदर सांगून ठेवते. पौर्णिमेले विहारात नेसते तेच पांढरं लुगडं नेसून बसीन. मंग म्हनू नोको का मावशी दिसली नाही.”

मला वाटलं, बोलण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी पहिला भोंगा झाला, बायका ओट्या सावरत धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, निघाल्या. दुसरा झाला. टेकाडावरून पाहतो तर हिरव्या पऱ्हाटीत एक पांढरा ठिपका तसाच बसलेला. हलत नव्हता. सगळा शिवार रिकामा, पाखरंसुद्धा नाल्यावरून उडून गेलेली, आणि माझ्या पायांखाली भरलेली भोकं. खदानीचा मुनशी माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, बुढी तिसऱ्या भोंग्याला पळते की नाही बघ, तू फिरव तर खरं. मी म्हटलं, आधी पळू दे, मग फिरवतो. ती पळाली नाही. मी फिरवली नाही.

आता भरलेली भोकं रात्रभर तशीच ठेवायची नाहीत, हाही नियमच. एक नियम पाळायचा तर दुसरा मोडला, आणि तो मोडायचं मी एकट्यानं ठरवलं, कुणाला न विचारता. भोकांपासून चार फुटांवर काठी टेकून उजाडेपर्यंत राखण केली आणि सकाळी, पऱ्हाटी दवानं निथळत असताना, वावरं रिकामी पाहून उडवून टाकलं. कुणाच्या अंगाला खडा लागला नाही. म्हणजे सकाळी जमतं हे सिद्ध झालं, आणि खदानीच्या शेठला नेमकं तेच झोंबलं.

पोलीस आले, तिला जीपमधून नेलं, ठाण्यात बाकावर बसवून संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वावरात. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. ती कुणाशी भांडली नाही, घोषणा दिल्या नाहीत, शेजारणींना थांबा म्हटलं नाही. उलट एक-दोघी थांबायला निघाल्या तर तिनं त्यांना हुसकून लावलं. लेकुरवाळ्यांनी हा धंदा करायचा नाही, म्हणाली. मला ते तेव्हा उगाच वाटलं, पुढं कळलं की आपण नियम मोडला तर आपल्या मागून येणाऱ्यांचं काय, हा विचार तिनं माझ्याआधी केलेला होता.

पण मला तिचा राग यायचा. लपवून काय करू? सुरुंग थांबला की क्रशर थांबायचा, क्रशर थांबला की गावातलीच माणसं हात बांधून बसायची, आणि संध्याकाळी पानठेल्यावर तीच माणसं माझ्याकडं अशी पाहायची की जणू त्यांच्या घरची चूल मी विझवली. शेठ राहतो यवतमाळात. त्याच्या कपाळाला आठीसुद्धा नव्हती. हिचा सत्याग्रह त्याच्याविरुद्ध आणि घाम मला. रोज दुपारी एका माणसाचा जीव माझ्या अंगठ्यावर आणून ठेवायचा, हा कुठला न्याय? ती पंचशील म्हणते, प्राणी मारणार नाही म्हणते, ठीक आहे. पण माझा हात परीक्षेला बसवायचा अधिकार तिला कुणी दिला? हे सगळं मी तिला घाटंजीच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगासमोर बोलून टाकलं. म्हटलं, मावशी, शेठच्या दारात जाऊन बस नं, माह्या मानेवर कायले?

ती मिरच्या निवडत राहिली. मग म्हणाली, “शेठच्या हातात चावी नाही, बापू. ते तुह्या हातात हाय.”

मी रागानं वांगी न घेताच घरी आलो. पण ते वाक्य काही केल्या निघेना. हळूहळू ध्यानात आलं की ती कायदा मोडत होती हे खरं, पण तिचं ते मोडणं माझ्या पाळण्यावर उभं होतं. तिनं वरच्या आदेशाला पाठ दाखवली आणि त्या साहेबानं खडू खाली ठेवून सांगितलेल्या गोष्टीच्या भरवशावर जाऊन बसली. मी चांगला माणूस आहे असं काही तिला वाटत नसावं. आमच्या घरानं तिच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कसं वागवलं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी ती बसत होती. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या बापानंही कधी टाकला नव्हता. आणि भरवसा फार जड असतो. नको वाटतो.

वेचणी भरात आली. थंडी वाढली, रस्त्यानं गाठोड्यांच्या बंड्या आणि मेटॅडोर धावायला लागले, बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकले. आणि एके दिवशी दुसऱ्या भोंग्याला मी टेकाडावरून पाहिलं तर मावशी नव्हती.

डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. तिचं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटलं होतं, सगळं पांढरं. आणि ती बसायची ते पांढरं लुगडं नेसून. हिरव्यात दिसायची, पांढऱ्यात कुठून दिसणार? जन्मभर कापूस वेचलेली बाई, पण तिच्या लक्षात आलं नाही, आणि इतके दिवस टेकाडावरून पाहणाऱ्या माझ्याही आलं नाही. आदल्या दिवशी ती मला दिसली होती की तिथं असणार म्हणून मी धरून चाललो होतो? आठवेना.

मुनशी खूश झाला. गेली एकदाची बुढी, म्हणाला. लाल झेंडे लावून वावरं रिकामी करणाऱ्या झेंडेवाल्याला मी नाला ओलांडून पाहून यायला पाठवलं. तो गेला आणि आला. कोणी नाही, म्हणाला. मी त्याच्या पॅन्टकडं पाहिलं. या दिवसांत नाल्याच्या काठचं गवत वाळलेलं असतं, एकदा त्यातून गेलं की गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटतात, घरी गेल्यावर बायको ओरडते. त्याच्या पॅन्टला एक कुसळ नव्हतं. तो वाईट माणूस नाही, त्याला लवकर घरी जायचं असेल, मुनशीचा डोळाही त्याच्यावर होता. मी चावी खिशात घातली आणि स्वतः उतरलो.

ती तिथंच होती. पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये, मांडी घालून, मांडीवर ओटी. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं. “काहून रे, आज उशीर झाला?” तिनं विचारलं. ती अगदी निवांत होती, कारण आपण दिसतो आहोत याची तिला खात्री होती. मी तिला म्हटलं, मावशी, तिकडून तू दिसत नाहीस. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या लुगड्याकडं, मग वावराकडं. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी तिच्या तोंडावर भीती पाहिली. चावी त्या दिवशी माझ्या खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लाल लुगडं नेसून आली. रक्तासारखं लाल, आंधळ्यालाही दिसावं असं. मला वाटलं, सुटलो. पण त्याच दिवशी मुनशीनं डब्याची जागा बदलली. टेकाडावरून हलवून क्रशरच्या मागं खड्ड्यात नेला, तिन्ही बाजूंनी मातीची भिंत. का, तर सुरुंगवाल्याच्या सुरक्षेसाठी. मी म्हटलं, इथून मले वावर दिसत नाही. त्यावर तो जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही. आवाज चढवून नाही, समजावून सांगावं तसं बोलला.

“तुले पाहाचंच कायले? पाहाचं काम झेंडेवाल्याचं. त्यानं हिरवा दाखवला का तू फिरवाची. मंग तुह्यावर काई येत नाही, न् त्याच्यावरही नाही, त्यानं थोडीच फिरवली?”

किती सोपं करून टाकलं बघा. पाहणारा फिरवत नाही, फिरवणारा पाहत नाही, आणि शेठ यवतमाळात. मधल्यामध्ये एक बाई मेली तर ती कुणीच मारलेली नसणार. मी दगड फोडत आलो जन्मभर, पण गुन्ह्याचे इतके बारीक तुकडे करता येतात हे मला माहीत नव्हतं. नियम एकही मोडलेला नव्हता. कागदावर सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, जिथून दिसत नाही तिथून मी फिरवणार नाही. तो म्हणाला, मग चावी दे. मी दिली. देताना हात हलका झाला आणि लगेच वाटलं, अरे, आपण हे काय केलं? माझ्या हातात होती तोवर ती निदान माझ्या हातात होती. काम सोडणाऱ्याला लोक ताठ कण्याचा म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मी फक्त बाजूला झालो होतो, आणि ती जागा रिकामी राहणार नव्हती.

नशिबानं ती बरेच महिने रिकामी राहिली. परवानावाला माणूस लगेच मिळत नाही, मिळाला तर आमच्या आडवळणाला येत नाही. उन्हाळा गेला, पावसाळ्यात खदानीत पाणी साचलं, पोरं तिथं म्हशी धुवायला न्यायला लागली. गावात कुणी माझ्याशी बोलायचं, कुणी नाही. मी आपलं वावर करतो. मागच्या आठवड्यात पाणी उपसायचं इंजिन सुरू झालं आणि नवा सुरुंगवाला आल्याचं कळलं. लांबचा आहे, कुणाला ओळखत नाही. झेंडेवाला तोच आहे.

मी त्याच संध्याकाळी मावशीकडं गेलो. ती दारात वाती वळत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं; खड्डा, भिंत, हिरवा झेंडा. आता रंगाचा उपयोग नाही म्हटलं. तिकडून कोणी पाहतच नाही. मी होतो तोवर ठीक होतं, आता बसू नको. हात जोडले मी तिच्यापुढं.

तिनं हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, “तू पाहून राह्यला होता म्हनून मी बसत होती असं वाटलं का तुले? माहं वावर हाय म्हनून बसत होती.” आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, “भेव तवाही वाटेच.”

तिला अडवायचा अधिकार मला नाही हे मला कळतं. ती चुकते आहे असं म्हणायला जावं तर जीभ रेटत नाही, आणि बरोबर आहे म्हणावं तर माझ्या हातांना माहीत आहे दगड कुठवर जातो. त्या नव्या माणसाला भेटायला गेलो तर मुनशीनं फाटकावरूनच परत लावलं. अर्ज दिला आहे. अर्जाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मग उरतं एवढंच की एकाऐवजी दोन माणसं बसली तर झेंडेवाल्याला ‘कोणी नाही’ म्हणणं थोडं जड जाईल. कदाचित. यापलीकडं माझ्याकडं काही युक्ती नाही.

काल मावशी बसली होती. सुरुंग झाला नाही. भोकं अजून पाडून व्हायची होती, नुसता भोंगा तपासून पाहिला म्हणे. आज सकाळपासून मशीनची घरघर थांबलेली आहे, म्हणजे भोकं तयार आहेत. बारुदीची गाडी मघाशी आमच्या दारावरून गेली. दव कधीच वाळलं. बायका वावरात पोचल्या, रस्ता सुना झाला.

मी जेवून उठलो आणि चपला घातल्या. कुठं जातो ते बायकोला सांगितलं होतं. तिनं अडवलं नाही. आतून माझा लाल मफलर आणून तिनं तो स्वतःच्या हातानं माझ्या गळ्याला गुंडाळला, भर उन्हात, आणि गाठ मारत विचारलं, “तिकडून दिसता नं तुमी?”

“दिसतो,” मी म्हटलं. खड्ड्याचं मी तिला सांगितलेलं नाही.